वारा जास्त आहे

क्लायपेदा बंदराच्या कॅन्टीनमध्ये
टेबलं भिंतीला सारून मी करडं कापड ताणलंय.
बीटच्या सुपाचा वास त्यात शिरणार बहुतेक.
दोन दिवस, बेचाळीस चेहरे, दर माणशी ठरलेला.
ऑफिसातली दोविले यादी देऊन गेली:
"मैत्रीपूर्ण, पण गंभीर. विश्वासार्ह.
आणि खांदे जरा तिरपे."
असा माणूस मी अजून पाहिलेला नाही,
पण बिल त्याचंच लावायचं.

माणसं येतात. शर्टाची वरची गुंडी
लावतात, काढतात, पुन्हा लावतात.
स्टुलावर बसतात ती डॉक्टरकडे बसल्यासारखी.
कुठे दुखतंय हे मी विचारत नाही.
विचारते: सकाळी काय खाल्लंत?
कुत्रा आहे? चावतो?
हवेबद्दल कधीच नाही. हवेचं काढलं
की माणूस खिडकीकडे बघतो, आणि गेला तो.

गोदामातली आल्दोना बहिणीशी झालेलं भांडण सांगताना
स्वतःची हनुवटी विसरली. तेवढं पुरे होतं.
फोर्कलिफ्टवाला पोरगा मात्र
पाठ केलेलं हसला, फोनसमोर हसतात तसं;
ते ओठांवरून उतरायला चार मिनिटं लागली.
मी लाइट उगाच हलवत राहिले.

सव्विसावा झिग्मास. क्रेन नंबर सात, एकतीस वर्षं.
चेहरा म्हणजे लावून घेतलेलं दार,
आत कुणी आहे हे फक्त धुरावरून कळावं.
कुत्रा? नाही.
सकाळी? कॉफी.
मी माझ्याच कुत्र्याच्या दोन गोष्टी सांगितल्या, एक खोटी.
त्याने ऐकल्या, तिकीट तपासनिसासारख्या.

मग मी म्हाताऱ्या बेनेदिक्तासची युक्ती काढली.
पंधराव्या वर्षी त्याच्या डार्करूममध्ये
ट्रे धुता धुता शिकलेली:
'संपलं' म्हणायचं. माणूस सुटतो.
सुटतो त्या क्षणी बोट बटणावर हवं.
"गेली," मी म्हटलं, "फ्लॅशची बॅटरी गेली. बसा मिनिटभर."
आणि मान खाली घालून केबलशी चाळा करत राहिले,
रिमोट मुठीत.

तो हलला नाही.
"बाई," म्हणाला, "हिरवा दिवा लागलाय की."

कानशिलं तापली माझी.
वीस वर्षं लोकांच्या खिशातून
त्यांचाच चेहरा अलगद काढत आले,
हात कुणी धरला नव्हता.

मी आवरायला लागले. तो स्टुलावरच.
घसा खाकरून,
माझ्या बुटांना सांगावं तसं म्हणाला:
"मीही करतो.
वर, चाळीस मीटरवर. रेडिओवर कळवतो,
वारा जास्त आहे, थांबतो.
वारा नसतोच.
थर्मास उघडतो. फेरी पलीकडच्या वाळूच्या पट्टीला निघालेली असते,
वर सायकली, पोरं, कुणाची तरी टोपी उडते...
नाही, टोपी कशी उडेल." तो थांबला.
"दहा मिनिटं. जास्त नाही.
एकतीस वर्षांत एकानेही
झेंड्याकडे बघितलेलं नाही."

आधी मी हसले. फुटलंच.
मग तो. आणि वरचा एक दात नाही,
डावीकडचा, हे तेव्हा दिसलं;
दार का लावलेलं असतं तेही.
रिमोट मुठीतच होता.
दाबू? मी भुवईने विचारलं.
त्याने वरची गुंडी काढली.

दोविले हा फोटो घेणार नाही.
आधीचा घेईल, तिरप्या खांद्यांचा. घेऊ दे.

सत्ताविसावा आलाय, केसांना पाणी लावून.
सकाळी काय खाल्लंत, मी विचारते,
आणि तो अंड्यांपाशी पोचतो न पोचतो तोच
माझीच नजर खिडकीबाहेर जाते.
फाटकावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबतोय.
सात नंबरची क्रेन थांबली आहे.